पोत्यातलं मांजर परत येतं



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. हसा, आम्हीही पहिल्यांदा हसलोच होतो. विषय आहे मांजरं. घरात पायाशी घुटमळणारी आपली मनी नव्हे. बंदरावर, मासळी बाजारात, खळ्याच्या कडेला, बंद बंगल्यांच्या आवारात राहणारी, कोणाचीच नसलेली मांजरं. बचत गटाच्या बायकांनी यात कशाला पडावं, असं आम्हाला खूप जणांनी विचारलं. आम्ही का पडलो तेच आधी सांगतो.

आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या. आमच्या गटातल्या निम्म्या बायका मासळीवर जगतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, हे इथं लहान पोरालाही पाठ आहे. त्याच्या आधी आगोटीची बेगमी करायची असते. एप्रिल-मेच्या उन्हात बोंबील वलांडीवर चढतात, जवळा खळ्यात पसरतो. त्या सुक्या मासळीवर पावसाळ्याचे दोन महिने काढायचे, आणि उरलेली विकून पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे उभे करायचे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या गटाच्या मीटिंगला एक ताई आल्या त्या रागाने लाल होऊनच. गटाकडून दहा हजारांचं कर्ज घेऊन त्यांनी जवळा विकत घेतला होता आणि सुकत घातला होता. रात्री झाकायचं राहिलं. सकाळी बघतात तर जवळ्यात मांजरांनी घाण केलेली, दोन बोके भांडून सगळा जवळा उधळलेला. एकदा मुताचा वास लागला की तो जवळा कोण घेणार? त्या म्हणाल्या, "जवल्याचा सगला नास केलाय. आता एक तर या मांजरांचं काहीतरी करा, नाहीतर माझ्याकडे हप्ता मागू नका."

झालं. मीटिंगमध्ये जो गलका उठला तो विचारू नका. एकीने सुचवलं, उंदराचं औषध मासळीत कालवून ठेवू, दोन रात्रींत प्रश्न मिटेल. दुसरी लगेच म्हणाली, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, तुझ्याकडे आहे का तेवढं सोनं? त्यावर सगळ्या हसल्या. पण कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्कर मावशींनी जे विचारलं त्यावर कोणी हसलं नाही. त्या म्हणाल्या, "आणि ती मासळी कोणाच्या पोराने उचलून तोंडात घातली तर?"

विषाचा विषय तिथेच संपला. मग राहिला नेहमीचा उपाय. पोत्यात भरायचं आणि खाडीपलीकडे सोडून यायचं.

हा उपाय आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तुमच्याकडेही असेल. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीने कधी ना कधी केलेला आहे, त्यामुळे यात कोणी कोणाला नावं ठेवायची नाहीत. पण गटाची सवय म्हणून आम्ही एक प्रश्न विचारला. इतकी वर्षं पोती जातायत, तर मांजरं कमी का होत नाहीत? प्रभागसंघाच्या पुढच्या मीटिंगला खाडीपलीकडच्या गावातल्या बायका भेटल्या. त्यांना सहज विचारलं, तर त्या संकोचून म्हणाल्या, अहो, आम्हीही पोत्यात घालून तुमच्याच बाजूला सोडतो. म्हणजे आमची मांजरं त्यांच्याकडे, त्यांची आमच्याकडे, आणि मधल्या मध्ये रिक्षाचं भाडं दोघींचं वाया.

पण खरं कारण याहून खोल आहे. मांजर एखाद्या जागी राहतं ते तिथं खायला आणि निवारा मिळतो म्हणून. बाजारात माशांची डोकी, आतडी पडलेली असतात. जाळ्यांच्या ढिगात ऊब असते. बंगल्यांच्या कचऱ्यात शनिवार-रविवारचं कोंबडीचं उरलंसुरलं असतं. तुम्ही पाच मांजरं उचलून नेली तरी ही पानं वाढलेलीच राहतात. मग शेजारच्या वाडीतली मांजरं सरकत सरकत तिथं येतात. शिवाय उरलेल्यांच्या वाट्याला जास्त खाणं येतं, त्यांची पिल्लं जास्त जगतात. सहा महिन्यांत आकडा होता तिथं. आणि ज्याला पोत्यातून सोडलं ते मांजर? जवळ सोडलं तर वास काढत परत येतं. लांब सोडलं तर अनोळखी जागेत, दुसऱ्या बोक्यांच्या हद्दीत, बहुतेक वेळा उपाशी मरतं. आपल्या डोळ्यांसमोर मरत नाही एवढंच.

आता हिशेब. बायकांनो, चक्रवाढ व्याज तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. तेच इथं लावा. मांजराची मादी, म्हणजे भाटी, चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभणपण साधारण 63 ते 65 दिवसांचं. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून वर्षाला तीन वेतं सहज होतात आणि एका वेतात चार पिल्लं धरा. वर्षाला बारा. त्यातली निम्मी गाडीखाली, आजाराने, कुत्र्यांच्या तोंडी मेली असं समजू. उरली सहा, त्यात तीन माद्या. आईसकट चार भाट्या झाल्या. पुढच्या वर्षी त्या चौघींची याच हिशेबाने चोवीस पिल्लं जगणार. हा वहीतला हिशेब, प्रत्यक्षात कमी-जास्त होतं. पण दहा हजारांचं कर्ज फेडलं नाही तर काय होतं ते जिला माहीत आहे तिला हे वेगळं समजवायला नको. व्याज थांबवायचं तर मुद्दलाला हात घातला पाहिजे. इथं मुद्दल म्हणजे भाटी.

जगभर जी पद्धत चालते ती साधी आहे. मांजराला पिंजऱ्यात पकडायचं, डॉक्टरकडे नेऊन नसबंदीचं ऑपरेशन करायचं, त्याच वेळी रेबीजची लस टोचायची, आणि बरं झालं की जिथून आणलं तिथेच सोडायचं. भुलीत असतानाच डॉक्टर एका कानाचं टोक सरळ कापतात. त्यामुळे लांबूनही कळतं की याचं झालेलं आहे, पुन्हा पकडू नका. इटलीने 1991 साली कायदा करून मोकळ्या राहणाऱ्या मांजरांसाठी हीच पद्धत घालून दिली. आपल्या जवळचं सांगायचं तर मुंबई महापालिकेने 2019 मध्ये मांजरांच्या नसबंदीचा कार्यक्रम सुरू केला.

"परत तिथेच सोडायचं?" यावर आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण झालं. जवळावाल्या ताई म्हणाल्या, मग उपयोग काय? उपयोग असा, की ऑपरेशन झालेलं मांजर जागा धरून बसतं, नव्याला सहज घुसू देत नाही, आणि स्वतः वाढत नाही. नर असेल तर रात्रीचं ओरडणं, मारामाऱ्या आणि भिंतीवर उडवलेल्या मुताचा तो उग्र वास बराच कमी होतो. शिवाय मांजरं अगदीच नकोत असंही नाही. जाळी कोण कुरतडतं? उंदीर. पावसाळ्यात लेप्टोचा ताप कोणाच्या मुतातून पसरतो? उंदरांच्याच जास्त करून. ज्या घरी नायलॉनचं नवं जाळं उंदरांनी कुरतडलंय त्या घरी मांजराला कोणी हाकलत नाही. मांजरं हवीत, पण मोजकी.

आणि मोजकी असणं पाखरांसाठीही बरं. आपल्या किहीमला सलीम अलींनी 1930 च्या सुमाराला सुगरण पक्ष्यांची घरटी बघून अभ्यास केला, तो जगभर नावाजला गेला. त्या सुगरणी अजून आपल्याकडे विणतात. मांजर पोट भरलेलं असलं तरी पाखरू मारतं, हे मांजराचा लाड करणाऱ्यांनीही मान्य केलं पाहिजे.

तर आम्ही कामाला लागलो. पहिलं काम मोजणी. सगळ्या म्हणत होत्या, शंभर मांजरं आहेत. आम्ही गटाची एक जुनी वही घेतली आणि चौघींनी तीन दिवस सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ठरलेल्या वाटेने फेरी मारली. रंग, नर की मादी, गाभण का, पिल्लं बरोबर आहेत का, कुठे दिसलं, एवढंच लिहायचं. शंभर नव्हती, 31 होती. एकच काळा बोका पाच ठिकाणी दिसला की पाच घरं त्याला पाच बोके समजतात. लिहिताना एक गोष्ट उपयोगी पडली, ती तुम्हीही ध्यानात ठेवा. काळा, पांढरा आणि पिवळा असे तिन्ही रंग एकाच अंगावर असतील तर ते मांजर जवळपास नेहमी मादीच असतं. पिवळी-तांबडी असतात त्यांत बोके जास्त. लांबून नर-मादी कळत नाही तेव्हा एवढ्यावर निम्मं काम भागतं.

दुसरं काम डॉक्टर. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, पण मांजराचं पोट उघडून ऑपरेशन करायची सोय प्रत्येक दवाखान्यात असतेच असं नाही. गाई-म्हशी-शेळ्यांचंच काम तिथं भरपूर असतं. आम्हाला शेवटी एका खासगी डॉक्टरांनी आठवड्याला चार मांजरं घ्यायचं कबूल केलं आणि दरही कमी केला. नोंदणीकृत पशुवैद्य सोडून दुसऱ्या कोणाकडे हे काम कधीही करून घेऊ नका, स्वस्तात होतंय म्हणूनसुद्धा नाही.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं, कारण गट मोडतात ते पैशावरूनच. गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. त्याचा ठरावच लिहून घेतला. मांजरांची वेगळी वही, वेगळा डबा. घरटी महिना 20 रुपये, ज्यांना द्यायचे त्यांनी द्यायचे, सक्ती नाही. मग आम्ही बंगल्यांवर गेलो. आमच्या बऱ्याच बायका तिथं साफसफाईला, स्वयंपाकाला जातात, तिथली गोष्ट त्यांना आतून माहीत. सुट्टीत पोरांना खेळायला मांजराचं पिल्लू आणायचं, दोन दिवस दूध-चिकन घालायचं, आणि रविवारी संध्याकाळी मांडव्याची बोट पकडायची. पिल्लू गेटवर. मालकांना आम्ही दोष द्यायला गेलो नाही. वही दाखवली, तुमच्या आवारात एवढी मांजरं आहेत, एवढ्यांचं ऑपरेशन करायचं आहे, एवढा खर्च आहे. काहींनी दिले, काहींनी दार उघडलं नाही. पण वहीतला आकडा बघून दिलेले पैसे हात जोडून मागितलेल्यापेक्षा जास्त आले, हा आमचा अनुभव.

आता पकडण्याचं. मांजर हाताने किंवा पोत्याने पकडायचं नाही. पिंजरा लागतो, आत पाय पडला की दार पडतं असा. आम्ही दोन घेतले. आदल्या संध्याकाळपासून त्या जागेवर कोणी खायला घालायचं नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि सगळ्यात अवघड. कारण दहा घरांनी पाळलं आणि एका आजीने मायेने भात-मासळी ठेवली की पिंजरा रिकामा. पिंजऱ्यात तळाला वर्तमानपत्र, टोकाला तारली किंवा बांगड्याचा तुकडा. पिंजरा लावून झोपायला जायचं नाही. लांब बसून राहायचं. मांजर आत गेलं की लगेच जाड चादर टाकायची. अंधार झाला की ते शांत होतं. चादर नाही टाकली तर तारांवर तोंड आपटून घेतं. ऑपरेशनआधी किती वेळ उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारूनच. लहान पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवलं तर ते तसंच दगावतं.

पहिल्याच आठवड्यात आमच्यातली एक चावून घेतली. पिंजऱ्यातला कागद सरळ करायला हात आत घातला. तिने हळद लावून पदर गुंडाळला आणि कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हात सुजल्यावर कळलं. मैत्रिणींनो, मांजर चावलं किंवा नखाने रक्त निघालं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. रेबीजची लस तिथं मोफत मिळते आणि सगळे डोस पूर्ण करायचे असतात. रेबीज कुत्र्यापासूनच होतो असं नाही, मांजरापासूनही होतो, आणि लक्षणं दिसायला लागल्यावर त्यावर इलाज नाही. आमची ती मैत्रीण चारही वेळा जाऊन लस घेऊन आली. तेव्हापासून पिंजऱ्याच्या दारावर आम्ही लाल रंगाने 'हात नको' असं लिहून ठेवलंय.

गरोदर बायकांनी या कामात पिंजरे धुवायचे, विष्ठा उचलायची असलं काही करू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला इजा करू शकतो. घाबरून मांजराला मारायचं कारण नाही. हात धुणं, बागेतल्या मातीत काम केल्यावर हात धुणं, भाजी नीट धुणं, मटण पूर्ण शिजवणं, एवढ्याने धोका खूप कमी होतो. पण आशाताईंना किंवा डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला आम्हाला अजून जड जातं. पण ते न सांगता तुम्हाला पिंजरा लावायला सांगणं बरोबर नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक तिरंगी भाटी सापडली. तीन दिवस हुलकावणी देत होती म्हणून ती आत गेल्यावर आम्हाला फार आनंद झाला. रात्र झाली होती, बॅटरी होती हातात, पण तिच्या पोटाखाली उजेड टाकून कोणी बघितलं नाही. चादर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात. दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "हिचं ऑपरेशन झालंय. पण हिला दूध आहे. पिल्लं कुठे आहेत?"

आमच्या पायाखालची वाळू सरकली. वही उघडली. तिच्या नोंदीपुढे 'पिल्लं' या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात, त्यात आई नसली की पिल्लं आवाजही फार करत नाहीत. आम्ही सहाजणी शोधत राहिलो. बंगल्यांचे पाणवठे, लाकडांचे ढीग, शाळेची मागची बाजू. संध्याकाळी जवळावाल्या ताईंनीच हाक मारली. उपड्या घातलेल्या एका जुन्या होडीखाली जाळ्याच्या गुंडाळीत चार पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेली. दोन गार पडली होती.

उरलेली दोघं आम्ही कापडात गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन झालं तरी आई दूध पाजू शकते. ती भुलीतून पूर्ण बाहेर आल्यावर रात्री उशिरा त्यांनी तिला सोडायला परवानगी दिली. होडीपाशी पिंजरा उघडला. ती पळून गेली. आम्हाला वाटलं, संपलं. तासाभराने आली, पिल्लांना हुंगलं आणि आडवी झाली.

ती दोन जगली. मेलेली दोन आमच्यामुळे मेली. त्या रात्री एकीने गट सोडायची भाषा केली, आणि तिला आम्ही लगेच अडवलं नाही. चार दिवसांनी ती स्वतःच आली आणि म्हणाली, नियम लिहा. तेव्हा हे नियम लिहिले गेले. पकडलेल्या प्रत्येक भाटीच्या पोटाखाली बॅटरीने बघायचं. सड मोठे, गुलाबी आणि भोवतालचे केस गेलेले दिसले तर ती पाजतेय, दार उघडायचं आणि आधी पिल्लं शोधायची. पिल्लं दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागेपर्यंत आईला हात लावायचा नाही. आणि ज्या भाटीची नोंद अपुरी आहे तिच्यासाठी पिंजरा लावायचाच नाही. तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

ऑपरेशननंतर बोक्याला एक-दोन दिवस आणि भाटीला सर्वसाधारण तीन ते पाच दिवस बंद, कोरड्या जागी ठेवावं लागतं. नक्की किती ते डॉक्टर ठरवतात. आम्ही समाजमंदिराच्या मागची खोली वापरली. पावसाळ्यात जखम ओली राहते म्हणून जुलैमध्ये काम थांबवलं, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू केलं. दोन गोष्टी तिथं शिकलो. खोली फिनेलने पुसायची नाही, मांजराला ते बाधतं. साबणाचं पाणी पुरे. आणि ताप-दुखण्यावर आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही द्यायची नाही. माणसाची अर्धी गोळीसुद्धा त्याला मारू शकते.

कायद्याचं थोडक्यात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला हाल करून मारणं हा गुन्हा आहे, आणि उपासमार होईल अशा जागी ते सोडून देणं हाही गुन्हा आहे. म्हणजे आमची पोतीसुद्धा त्यात बसतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 प्रमाणे जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 2023 मध्ये केंद्र सरकारने प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम आणले. मोठ्या प्रमाणावर कार्यक्रम राबवायचा असेल तर तो भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फत व्हावा लागतो. म्हणून ग्रामसभेत विषय मांडताना नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने अशी संस्था बोलवावी, असाच ठराव मागा. आम्ही मांडला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी "म्याव" केलं. ठराव मात्र झाला.

खायला घालण्यावरूनही बोलू. घालू नका असं आम्ही म्हणत नाही. पण खळ्यापाशी नाही, अंगणवाडीपाशी नाही, कोणाच्या दारात नाही. एक जागा, एक वेळ, अर्ध्या तासात ताटली उचलायची. रोज एकाच वेळी येणारं मांजर मोजता येतं, आजारी असेल तर कळतं, नवीन आलं तर लगेच दिसतं. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, हगवण लागते. पाणी ठेवा.

आणि खरं ते सांगायचं तर ऑपरेशन झालेलं मांजर चोरी सोडत नाही. पहिल्या महिन्यात कापलेल्या कानाचा एक बोका भर दुपारी सुरमईची तुकडी घेऊन गेला, तेव्हा आम्हाला सगळीकडून टोमणे ऐकावे लागले. जवळा झाकावाच लागतो. आता आम्ही फाटक्या जाळ्यांची दुहेरी झाकणं शिवून घेतली आहेत, कडेला दगड ठेवले की मांजर आत शिरत नाही. जवळावाल्या ताईंचा हप्ता दोन महिने थकला होता. मुदत वाढवून दिली, तो फिटला. त्या अजूनही म्हणतात की मांजरं मला आवडत नाहीत. पण मोजणीच्या फेरीला त्यांच्याइतकी बारीक नजर कोणाचीच नाही.

31 पैकी मोठी मांजरं 23 होती. त्यातल्या 19 जणांचं झालं. चार अजून हाती लागलेली नाहीत, पण दहातल्या सात-आठांचं एका ठिकाणी, थोड्या काळात झालं तरच फरक दिसतो, आणि तेवढं आमचं झालं. आठवड्याला एक करत वर्षभर रेंगाळलो असतो तर राहिलेल्यांनी तोवर भर घातली असती. पिल्लं मोठी झाली तसं त्यांचंही केलं. त्या होडीखालच्या दोघांचंही. गेल्या पावसाळ्यात सबंध वाडीत एकच वेत झालं. आधी उन्हाळा संपेपर्यंत पाच-सहा ठिकाणी पिल्लांचा आवाज असायचा.

आमचे दोन पिंजरे प्रभागसंघाच्या कार्यालयात ठेवलेले आहेत. कोणत्याही गटाला पंधरा दिवसांसाठी मिळतील, भाडं नाही. अट एकच, आधी तीन दिवसांच्या मोजणीची वही दाखवायची आणि त्यात पिल्लांचा रकाना भरलेला असला पाहिजे. खाडीपलीकडच्या बायकांनी मोजणी सुरू केली आहे. त्यांच्याकडे 40 निघाली.

आमच्याकडे परवा बंगल्यांच्या रस्त्याला एक नवी करडी भाटी दिसली, दोन्ही कान अख्खे. पाजत नाहीये, दोघींनी दोन वेगवेगळ्या वेळी बघून वहीत सही केली आहे. शनिवारी पिंजरा लावायचा आहे, तेव्हा त्या बाजूच्या घरांनी शुक्रवारी संध्याकाळी मासळीची डोकी बाहेर टाकू नयेत.